बेयाची निसरीची बाटली

ट्यूनिसजवळच्या झगवान गावाच्या वरच्या आळीत कुणाचे डोळे सुजले तर माणूस दवाखान्यात जात नसे, मन्नूबियाच्या दारात जाई. लग्न ठरलेल्या पोरी यायच्या, ओळखपत्राचा फोटो काढायचा म्हणून म्हाताऱ्या यायच्या, परीक्षेसाठी जागून डोळ्यांखाली काळं धरलेली मुलं आईच्या मागे लपत यायची. एकदा तर चौकीवरचा हवालदार मागच्या दाराने आला आणि कुणाला सांगू नकोस म्हणून बजावून गेला. तिने नाही सांगितलं. तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. आळीच ती.

तिचे उपाय काही जगावेगळे नव्हते. पण करायची रीत तिची होती, आणि त्यात कुणी चूक केली की तिचं तोंड सुटायचं. बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडणाऱ्या बायकांना ती म्हणायची, अगं, डोळ्यांची भाजी करतेस का? बटाटा किसायचा, पातळ फडक्यात बांधायचा, माठाच्या पाण्यात गार करायचा आणि मग पापणीवर ठेवायचा. चहाची पत्ती दुसऱ्या उकळीची घ्यायची, पहिलीची नव्हे, आणि तीही पुदिना न घातलेली. काकडीने काही होत नाही, पण लावणारीला बरं वाटतं, तेवढ्यापुरती लावावी. उशी उंच असावी. आणि सूर्य मावळला की खारवलेलं काही तोंडात टाकायचं नाही, ना ऑलिव्ह, ना मुरवलेलं लिंबू, ना खारी मासळी. मिठाला वास नसतो, ती सांगायची, नवऱ्याला कळत नाही, सासूला कळत नाही, पण सकाळी डोळा चुगली करतो.

आणि सगळ्यात शेवटी निसरी. निसरी म्हणजे आमच्या डोंगरउतारावरचा रानगुलाब. मे महिन्यात उजाडायच्या आत फुलं तोडून आणायची, तांब्याच्या हंड्यात चढवायची, आणि नळीतून थेंब थेंब उतरणारं पाणी गवताने विणलेल्या बाटल्यांत भरून वर्षभर पुरवायचं. त्यात कापूस बुडवून मिटल्या डोळ्यांवर ठेवला की सूज उतरते, काळं फिकं होतं. डोकंही शांत होतं, पण ते फुकटात.

हे सगळं तिला शिकवलं सासूने. बेया तिचं नाव. मन्नूबिया तिला उम्मी, म्हणजे आई, म्हणायची, पोटच्या पोरीने म्हणावं तसं. बेयाने सून घरात आली त्याच वर्षी तिला भट्टीपाशी बसवलं होतं आणि एक गोष्ट कानात घातली होती. सुजलेले डोळे घेऊन कुणीही येवो, का रडलीस ते विचारायचं नाही. डोळा त्याचं काम करतो, आपण आपलं करायचं. मन्नूबियाने तो नियम कधी मोडला नाही, आणि म्हणूनच बायका तिच्याकडे येत. नाहीतर बटाटा काय, सगळ्यांच्याच घरी असतो.

आता तिच्या नवऱ्याचं सांगायला हवं, आणि तिथेच खरी अडचण आहे, कारण सांगण्यासारखं फार नाही. तिजानी लग्नानंतर पहिल्याच थंडीत समुद्रापार मार्सेयला गेला, बंदरात कामाला लागला, आणि मग दर ऑगस्टमध्ये घरी यायचा. येताना साबण आणायचा, चॉकलेटचा डबा आणायचा, एका वर्षी केस वाळवायचं यंत्र आणलं होतं, ते आळीभर फिरलं. वाईट माणूस नव्हता हो. कधी हात उगारला नाही, कधी पैसे पाठवायचं चुकवलं नाही. दुपारी झोपायचा, संध्याकाळी कॅफेत बसायचा, आणि महिना संपला की आईच्या कपाळाचं चुंबन घेऊन निघायचा. मूलबाळ झालं नाही. वर्षाचे अकरा महिने घरात दोनच बायका, बेया आणि मन्नूबिया. एकीने कणीक मळली तर दुसरीने भाकरी भाजली, एकीला ताप आला तर दुसरी उशाशी. मन्नूबियाला कुणी विचारलं असतं की तुझं लग्न कुणाशी झालंय, तर मनातल्या मनात तिने या म्हातारीचंच नाव घेतलं असतं.

मग तिजानी कायमचा परत आला, छातीत खोकला घेऊन. एक हिवाळा अंथरुणावर काढला आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी गेला. मन्नूबियाने त्याचं सगळं केलं. सूप भरवलं, पाठ चोळली, चादरी धुतल्या. काही कमी ठेवलं नाही. तो गेल्यावर तिने त्याचे डोळे मिटले, हनुवटी बांधली, आणि आपल्याला आता रडू येईल म्हणून भिंतीला टेकून बसली.

रडू आलं नाही.

तिने वाट पाहिली. पुरुष त्याला खांद्यावर घेऊन निघाले, दारात बायकांनी आकांत केला, तेव्हा येईल असं वाटलं. नाही आलं. तिने मुद्दाम त्याच्या आठवणी काढल्या, तर आठवणी सगळ्या ऑगस्टमधल्या, घामाच्या आणि माश्यांच्या. एका कोनाड्यात हात घालावा आणि तिथे काहीच नसावं, तसं झालं तिला. स्वतःची इतकी लाज वाटली की कुणाच्या तोंडाकडे बघवेना. घरातलं जनावर गेलं तरी माणूस दोन टिपं गाळतं, आणि हा तर नवरा होता.

त्यात शेजारच्या झकियाची जीभ. तीन दिवस सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून झकिया कुसकुसचं ताट घेऊन आली, ताट ठेवलं, मन्नूबियाला निरखलं आणि शेजारणीला म्हणाली, हळू म्हणाली पण ऐकू जाईल इतक्या बेतानं, "हिच्या डोळ्यांकडे बघ. नवऱ्याला पुरायच्या आधीच बटाटे लावलेत वाटतं."

मन्नूबियाने ऐकलं. खरं सांगायचं तर तिला त्यातल्या त्यात बरंच वाटलं. नटवी म्हणा, पण कोरडी म्हणू नका. तिला धास्ती झकियाची नव्हतीच. धास्ती होती बेयाच्या बोटांची.

बेयाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सावली दिसे, माणूस दिसत नसे. म्हणून जो येईल त्याचा चेहरा ती हातांत घ्यायची आणि अंगठे डोळ्यांखालून फिरवायची. कोण जागलंय, कोण रडलंय, कोण उगाच तोंड पाडून आलंय, तिला अंगठ्यांत कळायचं. पहिला दिवस ती कुणाच्यात नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडून होती. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उठून बसणार, बायका एकेक करून तिच्यापुढे वाकणार, आणि सगळ्यांत आधी सुनेलाच वाकावं लागणार. एकुलत्या एका मुलासाठी त्याची बायको रडली नाही, हे त्या म्हातारीला स्वतःच्या अंगठ्यांनी कळावं? घर बेयाचं होतं, आणि मूल नसलेली विधवा सून म्हणजे त्या घरात पाहुणीच, तीही भीती होतीच, खोटं कशाला बोला. पण ती भीती मागाहूनची. आधीची ही, की उम्मीला वाटेल, माझ्या लेकासाठी जगात मी एकटीच रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका जरा कलंडल्या तेव्हा मन्नूबिया कोठीत शिरली आणि दार लोटून घेतलं.

डोळ्यांची सूज कशाने उतरते हे जिला ठाऊक, तिला ती कशाने चढते हेही ठाऊकच असणार. कांदा तिने घेतला नाही, कांद्याचा वास बेयाला ओसरीवरून आला असता. तिने बरणी उघडली, मुरवलेलं लिंबू काढलं आणि सालीसकट खाल्लं. मग आणखी एक. मग बरणीतलं खारं पाणी दोन घोट प्यायली, घशाशी आलं तरी गिळलं. वाळल्या मिरचीवर बोट घासलं आणि पापणीच्या कडेला लावलं, आत जाणार नाही असं, आणि मग जाड लोकरीच्या फडक्याने दोन्ही डोळे चोळायला लागली. चोळून झाले की उशी न घेता जमिनीवर पालथी पडायची होती, रक्त उतरावं म्हणून. आयुष्यभर लोकांना जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते ते ती एका बैठकीत करत होती.

आणि दार उघडलं. दारात वसीला उभी होती, तिजानीची धाकटी बहीण, ट्यूनिसहून आलेली. तिला कॉफीची मोठी किटली हवी होती. तिने बरणी पाहिली, मिरची पाहिली, भावजयीच्या हातातलं फडकं पाहिलं. वसीलाही याच घरात भट्टीपाशी वाढलेली. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

धरणी दुभंगली तर बरं, असं माणसं म्हणतात ना, ते मन्नूबियाला त्या क्षणी खरोखर हवं होतं. वसीला काही बोलली असती, केस धरले असते, तरी चाललं असतं. पण वसीलाचे स्वतःचे डोळे रडून रडून चिंधी झालेले, त्या डोळ्यांनी तिने नुसतं पाहिलं, फळीवरची किटली उचलली, आणि जाताना दार पुन्हा नीट लोटून घेतलं. आईला हे कळू नये म्हणून लोटलं, एवढं मन्नूबियाला समजलं.

संध्याकाळी बेया उठून बसली. मन्नूबिया पुढे वाकली. म्हातारीने तिचा चेहरा हातांत घेतला आणि अंगठे फिरवले. पापण्या टरारून आलेल्या, खाली पिशव्या, कातडी कढत. बेया थांबली, पुन्हा एकदा अंगठे फिरवले, आणि मग तिचा आवाज, जो कालपासून कुणी ऐकला नव्हता, तो फुटला.

"माझ्या पोरी," ती म्हणाली. "इतकं रडलीस गं माझ्या तिजानीसाठी? मला वाटलं होतं, तुला तो मिळालाच किती, तू काय रडणार. मी तुझ्यावर अन्याय केला."

समोर वसीला बसली होती. ती खाली बघत होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी मन्नूबियाने ते ओझं कसंबसं वाहिलं असतं. पण सुतकाचे तीन दिवस सरले, पाहुणे पांगले, वसीला ट्यूनिसला गेली, आणि दुसऱ्या सकाळी बेया चाचपडत आपल्या खोलीतल्या पेटीपाशी गेली. पेटीत तिची एक निसरीची बाटली होती. साऱ्या आळीला ठाऊक होतं ती कशाची. दर वर्षी मेमध्ये पहिल्या दिवशी उतरलेलं पहिलं पाणी बेया बाजूला काढायची, आपल्या शेवटच्या अंघोळीसाठी, आणि आधीच्या वर्षाचं वाटून टाकायची. मला न्हाऊ घालाल तेव्हा हेच घाला, दुकानातलं घालाल तर उठून बसेन, असं ती हसत सांगायची. घरातली बाकीची निसरी थंडीतच तिजानीच्या खोलीत शिंपडून संपली होती. तीच एक उरली होती.

ती बाटली घेऊन बेया सुनेजवळ आली आणि म्हणाली, झोप, डोकं माझ्या मांडीवर ठेव.

मन्नूबिया दचकली. एक तर ती बाटली, आणि दुसरं म्हणजे ती स्वतः इद्दतीत होती. विधवेला त्या चार महिने दहा दिवसांत सुवास वर्ज्य, काजळ वर्ज्य, आणि या बाबतीत सगळ्या आळीत बेयाइतकी कडक कुणी नव्हती. तिने एका विधवेला पुदिन्याच्या चहावरून झापलं होतं, मग निसरी तर दूरच. मन्नूबियाने तेच पुढे केलं, उम्मी, मला चालत नाही, पाप लागेल.

"औषध आहे," बेया म्हणाली. "अल्लाहला बायकांचे डोळे कळतात. आणि लागलं पाप, तर मी सांगेन तिथे, मीच लावलं म्हणून. मला जायचंच आहे लवकर."

तिने बूच काढलं. कापूस भिजवला. तो गार, ओला कापूस डोळ्यांवर आला आणि रानगुलाबाचा वास नाकात भरला, तेव्हा मन्नूबियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी दुसऱ्या हाताने तिचे केस मागे सारत होती. उम्मी, ती म्हणाली, मला तुम्हाला काही सांगायचंय, मी त्या दिवशी...

"श्श," बेया म्हणाली. "काय शिकवलंय मी तुला? का रडलीस ते विचारायचं नाही. तूही सांगायचं नाही."

तेव्हा तिला रडू फुटलं. नवऱ्यासाठी नव्हे. आपल्याच थोबाडासाठी, त्या बाटलीसाठी, त्या हातासाठी. कापसाखालून कढत पाणी वाहायला लागलं, आणि बेयाने ते अंगठ्याने टिपलं, अजून आहे आत, म्हणाली, येऊ दे. आणि रोज तसंच होऊ लागलं. मिठाची सूज केव्हाच उतरली होती, पण रोज सकाळी लाजेची चढलेली असे. बेया बोटं फिरवायची, उसासा टाकायची आणि बूच काढायची. मन्नूबिया रोज ठरवायची की आज सांगायचं. रोज मांडीवर डोकं ठेवलं की उद्यावर ढकलायची. बरं, सांगून करायचं काय? म्हातारीला एवढंच सुख उरलं होतं की आपल्या दुःखाला कुणी सोबत आहे. ते तिच्याकडून काढून घेऊन आपण मोकळं व्हायचं? मार्च सरेपर्यंत बाटली रिकामी झाली. बेयाने ती उलटी करून तळहातावर शेवटचा थेंब घेतला आणि सुनेच्या कपाळाला लावला. मेमध्ये नवी भरू, म्हणाली.

मे उजाडला नाही. एप्रिलमध्ये, डोंगरावर निसरीला नुसत्या कळ्या होत्या तेव्हा, बेया दुपारच्या नमाजला बसली आणि तशीच कलंडली.

या वेळी मन्नूबियाला काही शोधावं लागलं नाही. ती ज्या क्षणी बेयाचा हात हातात घेऊन बसली त्या क्षणापासून रडत होती, आवाज न करता, आणि थांबवता येत नव्हतं. ट्यूनिसहून वसीला पोचेपर्यंत तिचे डोळे मिटल्यासारखे झाले होते. एक पोर, जिचं लग्न मन्नूबियानेच डोळे निस्तरून पार पाडलं होतं, फडक्यात बांधलेला बटाट्याचा किस घेऊन आली. खाल्ती, मावशी, थोडा वेळ ठेव गं, म्हणाली. खाल्तीने तिचा हात बाजूला केला.

न्हाऊ घालणारी बाई आतून बाहेर आली आणि दारातूनच म्हणाली, बेयाची ती बाटली द्या. तिने मला तीनदा बजावून ठेवलंय.

वसीला उठून पेटीपाशी गेली. बाटली काढली, ती हलकी लागली, बूच काढून उलटी केली. मग ती बाटली हातात धरून तशीच ओसरीवर आली, जिथे मन्नूबिया बसली होती. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. झकियासुद्धा.

"उम्मीची निसरी कुठे गेली?"

मन्नूबिया खोटं बोलू शकली असती. सांडली म्हणाली असती, उडून गेली म्हणाली असती. पण त्या घरात तिने एकच खोटं केलं होतं आणि त्याची किंमत तिच्यापुढे वसीलाच्या हातात होती.

"माझ्या डोळ्यांवर," ती म्हणाली. "तो गेल्यावर. उम्मीने स्वतः लावली, रोज. संपेपर्यंत."

बाकीच्या बायकांनी हळहळ केली, किती प्रेम होतं सासूचं, म्हणाल्या. त्यांना ते वेगळंच ऐकू आलं. वसीलाला जे ऐकू यायचं ते आलं. झकिया लगबगीने घरी गेली आणि आपल्याकडची नारिंगाच्या फुलांच्या पाण्याची बाटली घेऊन आली, दुकानातली, कागद चिकटवलेली, आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईने ती निमूटपणे आत नेली. मन्नूबियाने ती बाटली आपल्यासमोरून जाताना पाहिली.

मग वसीला खाली बसली. तिने भावजयीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, अगदी आईसारखा, आणि अंगठे डोळ्यांखालून फिरवले. पापण्या टरारून आलेल्या, खाली पिशव्या, कातडी कढत. मन्नूबियाने मान सैल सोडली. तिला क्षणभर वाटलं, आता हिला कळेल.

वसीलाने हात काढून घेतले आणि बोटं आपल्या नाकाशी नेली.

मन्नूबियाने ते पाहिलं. उठली नाही, ओरडली नाही, देवाची शपथ घेतली नाही. काय तोंडाने घेणार? "या वेळी खरं आहे," एवढंच म्हणाली, आणि तिचं तिलाच ते खोटं वाटलं.

"असेल," वसीला म्हणाली, आणि आईला न्हाऊ घालायला आत गेली.

तिच्या बोटांना कसलाच वास आला नव्हता, हे मन्नूबियाला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं होतं. पण त्याने काही सिद्ध होत नव्हतं. मिठाला वास नसतो, हे तिनेच सगळ्या आळीला शिकवलं होतं.